पंक्तींतले शेरे

गेल्या अंकांतील पाठांतरावरचा लेख वाचून दोघांतिघां वाचकांनीं पत्रें पाठविलीं आणि पुढील खेपेस वृत्तांविषयीं लिहावें अशी सूचना केली. सूचना मला मानवणारी होती. परंतु या महिन्यांत लेखणी हातीं घेतली आहे ती दुसऱ्याच विषयासाठीं. वृत्तांचा त्यांत संबंध येतो, तो कसा तें ओघानें कळेलच. विषय आहे वाढत्या वयाच्या मुलामुलींचें जेवण, आणि त्यांचें स्वतःच्या देहाकडे पाहणें. हा विषय मास्तराचा नव्हे, वैद्याचा, असें कोणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वीं मींही तेंच म्हटलें असतें.

आमचें घर वाईस, घाटापासून फार दूर नाहीं. दोघे भाऊ, दोघांचे संसार, मुलें, सुना, नातवंडें मिळून रात्रीं अकरा पानें मांडलीं जातात. रात्रीचें जेवण सर्वांनीं एका पंक्तीस करावें हा वडिलांच्या वेळचा दंडक आम्ही अजून पाळतों. पाट गेले, टेबलखुर्ची आली, दंडक राहिला. या पंक्तीचा मला फार अभिमान होता. एकत्र कुटुंब म्हणजे काय तें पाहावयाचें असेल तर रात्रीं साडेआठला या, असें मी पाहुण्यांना सांगत असें.

माझी धाकटी नात त्या वेळीं तेरा सरून चौदाव्यांत होती. (हा लेख तिला आधीं वाचून दाखविला आहे. दोन ठिकाणचे शब्द तिनें बदलावयास लावले, आणि एक परिच्छेद सगळाच काढावयास लावला.) मुलगी बुद्धीची, संस्कृताची गोडी उपजत. दिवाळीच्या सुटींत मीं तिला वृत्तें शिकविलीं, आणि गण पाडण्यांत ती इतकी तरबेज झाली कीं, वर्तमानपत्रांतील मथळ्यांचेही लघुगुरु लावीत बसे. पाडव्याच्या सकाळीं नवा पोशाख घालून ती मोठ्यांच्या पाया पडावयास आली. वहिनी सहज म्हणाल्या, “पोर अंगानें भरली हो यंदा.” तेवढ्यावर विषय संपावयास हरकत नव्हती. पण मला कोटी सुचली, आणि सुचलेली कोटी गिळणें आम्हां मास्तरांना जमत नाहीं. मी म्हणालों, “हिचें वृत्तच बदललें. तन्वीची पृथ्वी झाली!” वृत्तें ठाऊक असणारे हंसले, ठाऊक नसणाऱ्यांना मीं अर्थ समजावून दिला, मग तेही हंसले. नातही हंसली. कोटी आवडली म्हणून हंसली, असें मीं धरून चालावें हें माझ्या स्वभावास धरूनच झालें.

पौषांतल्या संकष्टीस ती म्हणाली, “मीही करतें.” घरांत आनंद झाला. मग एकादशी आली, गुरुवार आला. फाल्गुनांत सोमवारही जोडला गेला. उपासाचे पदार्थ तरी खावेत, तर साबुदाण्यानें पोट फुगतें, शेंगदाण्यानें पित्त होतें, रताळें फार गोड लागतें. सर्वांस पटेल असें कारण प्रत्येक वेळीं हजर असे. मीं तिला अथर्वशीर्ष शिकविलें, आणि हल्लींच्या पिढींत श्रद्धा उरली नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं आमच्या घरीं येऊन पाहावें, असें शेजारीपाजारीं सांगत सुटलों.

त्याच सुमारास ती सुगरण झाली. पाककृतींची एक वही तिनें केली; मोबाईलवर पदार्थांचीं चित्रें तासन् तास पाही. चतुर्थीला चंद्रोदयाच्या आधीं एकवीस मोदक वळून ठेवी, सर्वांना आग्रह करकरून वाढी, आणि दुसऱ्याचा घांस तोंडांत जाईपर्यंत त्याच्याकडे पाहात राही. आपल्या पोळीचे मात्र चिमणीच्या घांसाएवढे तुकडे करून ताटाच्या कडेनें मांडून ठेवी. अभ्यासांतही पुढें गेली, वार्षिक परीक्षेंत वर्गांत पहिली आली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास जमलेल्या बायकांनीं तर तिला मध्यें घेऊन विचारलें, “काय ग, काय केलेंस? किती छान बारीक झालीस! आम्हांलाही सांग.” आमच्या सूनबाईंना तो दिवस अजून विसरतां येत नाहीं, कारण त्या दिवशीं त्यांनाही अभिमानच वाटला होता.

वैशाखाच्या उन्हांत तिचे हात गार लागत. फणींत केंसांचे गुंतवळ निघत. बांगड्या कोपरापर्यंत सरकत. ढगळ कपडे घाली, तें आम्हांला विनयाचें लक्षण वाटलें. मासिक धर्म थांबला, तो या वयांत मागेंपुढें व्हावयाचाच, अशी समजूत आईनें करून घेतली. अकरा माणसांच्या घरांत प्रत्येकानें एक एक खूण पाहिली, आणि त्या सर्व जोडून वाचणारा एकही निघाला नाहीं. एकत्र कुटुंबाचा हा दोष मला फार उशिरां कळला: कोणाचें तरी लक्ष असेलच, असें प्रत्येक जण धरून चालतो.

श्रावणी सोमवारीं काशीविश्वेश्वराच्या दर्शनाहून परततांना घाटाच्या पायऱ्यांवर ती कोसळली. तेथील फुलवाल्यानें तिला उचलून घरीं आणलें. “मास्तर, पोरीला वजनच नाहीं हो,” एवढेंच तो म्हणाला. गांवच्या डॉक्टरांनीं नाडी पाहिली आणि त्याच दिवशीं पुण्यास धाडलें. उंची पांच फूट दोन इंच. वजन ३४ किलो. नाडीचे ठोके मिनिटास ४४. आदल्या दिवाळीच्या सुमारास शाळेंत झालेल्या तपासणींत तिचें वजन ५१ किलो नोंदलें होतें. तें तिच्या उंचीस अगदीं योग्य होतें, असें पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे ज्या देहावर मीं कोटी केली तो निरोगी देह होता.

आमच्या सौ. तेथेंही डबा घेऊन गेल्या होत्या. त्यांत बासुंदी होती. डॉक्टरीणबाईंनीं डबा हळूच बाजूला ठेवला. फार दिवस उपाशी राहिलेल्या देहाला एकाएकीं भरपूर अन्न देणें हेंही प्राणावर बेततें. रक्तांतील फॉस्फेटासारखे क्षार झपाट्यानें उतरतात आणि हृदयाची गति बिघडते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटीं छळछावण्यांतून सुटलेले कित्येक कैदी असेच, पोटभर अन्न मिळाल्यावर, दगावले. तेव्हां आमच्या नातीला पहिले कांहीं दिवस चमच्यांनीं मोजून अन्न मिळालें, आणि रोज सकाळीं रक्त तपासलें गेलें. अन्नाच्या बाबतींत आपली अक्कल चुलीपाशीं संपते, असें आमच्या सौ. म्हणाल्या. माझी त्याच्याही अलीकडे संपली होती.

या रोगास ‘अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा’ म्हणतात. पहिल्या शब्दाचा अर्थ भूक नसणें. नांव फसवें आहे; भूक असते, प्रचंड असते, रोगी तिच्याशीं झुंजत असतो. मला वाटलें, हें मोबाईलयुगाचें खूळ असावें, पण नाहीं. लंडनमध्यें सर विल्यम गल आणि पॅरिसमध्यें लासेग या दोघां डॉक्टरांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, १८७३ सालीं त्याचें वर्णन छापलें. म्हणजे चिपळूणकरांची निबंधमाला सुरू व्हावयास अद्याप एक वर्ष होतें. लासेग यांनीं त्यांत घरच्या मंडळींचेंही वर्णन केलें आहे. त्यांच्यापाशीं दोनच उपाय असतात, विनवणी आणि धमकी. आणि दोन्ही ते संपेपर्यंत वापरतात. आमच्या घरीं विनवणीचें खातें सौ.कडे होतें आणि धमकीचें चिरंजिवांकडे. दोन्ही खातीं पहिल्या महिन्यांतच रितीं झालीं.

मी स्वतः उपदेशाचें खातें सांभाळीत होतों. तें कां फुकट गेलें, याचें उत्तर मला एका जुन्या प्रयोगांत मिळालें. १९४४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज या शास्त्रज्ञानें छत्तीस धडधाकट तरुण निवडले. युद्धांत शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे लोक. त्याऐवजीं त्यांनीं हा प्रयोग पत्करला. पुढें चोवीस आठवडे त्यांना निम्मेंच अन्न दिलें, आणि त्यांचें वजन सुमारें पाव भागानें उतरलें. या तरुणांना बारीक होण्याचें वेड मुळींच नव्हतें. तरीही ते पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागले, ताटें चाटूं लागले, एका घासाचे दहा घांस करून तासभर चघळूं लागले. मित्र टाळूं लागले, चिडूं लागले, अन्नावांचून दुसरा विचार त्यांना सुचेना. मीं हें वाचलें आणि नातीची पाककृतींची वही डोळ्यांपुढें आली. तिचा हट्ट, तिचा अबोला, तें मोदक वळणें, यांतलें निम्मेंअधिक भुकेनें केलें होतें. भुकेल्या मेंदूला उपनिषदें सांगून काय होणार? आधीं वजन, मग विचार, असा क्रम डॉक्टरीणबाईंनीं लावला तो यासाठींच.

उपासाविषयीं येथें दोन शब्द लिहिणें भाग आहे. कारण आपल्या घरांत हा रोग उपासाचा वेष घेऊन येतो, आणि त्या वेषाला आपण नमस्कार करतों. हाँगकाँगमधील डॉक्टर सिंग ली यांनीं १९९० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, तिकडचे पुष्कळ रोगी आपण लठ्ठ दिसूं असें म्हणतच नाहींत. पोट गच्च वाटतें, भूक नाहीं, एवढेंच सांगतात. माझ्या नातीनेंही ‘लठ्ठ’ हा शब्द घरांत कधीं उच्चारला नाहीं. तिच्यापाशीं पंचांग होतें.

तीस वर्षें मीं कुमारसंभवाचा पांचवा सर्ग शिकविला. डोळ्यांदेखत मदन जळाल्यावर पार्वती प्रथम काय करते? आपल्या रूपाची मनोमन निंदा करते. मग तपाला बसते, अन्न सोडते, शेवटीं गळालेलें पानही सोडते, म्हणून अपर्णा. ‘उमा’ या नांवाची व्युत्पत्ति तर कालिदासानें पहिल्याच सर्गांत सांगितली आहे: नको ग, असें आईनें विनवलें, तेंच नांव झालें. एवढें सगळें वर्गांत सांगून, फळ्यावर समास सोडवून, मी घरीं जेवावयास जात असें. आणि विनवणाऱ्या आईला या जगांत दुसरेंही काम असूं शकेल हें मला कधीं सुचलें नाहीं. मात्र एक भेद स्पष्ट आहे. पार्वतीच्या तपाला शेवट होता. शंकर समोर उभे राहिले आणि तप संपलें. आपल्या प्रत्येक व्रताला उद्यापन असतें. माझ्या नातीच्या उपासाला उद्यापन नव्हतें. पंचेचाळीस किलो झाले तेव्हां चाळीस हवे होते, चाळीस झाले तेव्हां अडतीस. ज्या घरांत वाढत्या वयाचें मूल उपास वाढवीत चाललें आहे, तेथें वडीलमाणसांनीं हा प्रश्न अवश्य विचारावा कीं, याचें उद्यापन कधीं? आणि मुलाला उत्तर देतां आलें नाहीं, तर पंचांग मिटून डॉक्टरांकडे जावें.

पुण्यास तिला एक छापील प्रश्नपत्रिका दिली होती. टोरांटोच्या गार्नर आणि गारफिंकेल यांनीं १९७९ सालीं चाळीस वाक्यांची चांचणी तयार केली. १९८२ मध्यें ती सव्वीस वाक्यांवर आणली. अन्नाचे बारीक तुकडे करतों काय, जाड होण्याची धास्ती वाटते काय, आपण अधिक खावें असें इतरांना वाटतें काय, अशीं तीं वाक्यें. प्रत्येकाला ‘नेहमीं’पासून ‘कधींच नाहीं’पर्यंत उत्तर द्यावयाचें. जन्मभर गुण वाढविण्यासाठीं मुलांना राबविलेल्या मला, जेथें वीस गुण मिळणें हीच चिंतेची गोष्ट अशी परीक्षा प्रथमच भेटली. नातीला एक्केचाळीस होते. ही चांचणी म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे. आणि भूक लागली असतां खाणें टाळणें हेंही तींत मोजलें जातें, त्यामुळें नेमानें एकादशी करणारी आजीबाई तेवढ्यापुरते गुण मिळवून जाईल. तरीही पौषांतच ही पत्रिका कोणी तिच्यापुढें ठेवली असती तर, असें मनांत येतेंच.

याच चांचणीनें उघडकीस आणलेली एक हकीकत मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. पॅसिफिक महासागरांतील फिजी बेटें आपल्याला ऊंसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदी मजुरांमुळें माहीत. पण ही हकीकत तेथील मूळ रहिवाशांची. त्यांच्यांत भरदार शरीर हें चांगल्या घराचें लक्षण. रस्त्यानें जाणाऱ्याला दारांतून ‘माइ काना’, म्हणजे ‘या, जेवायला’, अशी हांक मारावयाची. मुलगी वाळली तर सगळा गांव विचारपूस करी, कारण तिची काळजी घेणाऱ्यांचीच ती नाचक्की होती. भूक जाणें या दुखण्याला त्यांच्या भाषेंत ‘माथाके’ असें स्वतंत्र नांव आहे आणि त्यावर झाडपाल्याचें औषध आहे. तेथील नांद्रोगा प्रांतांत १९९५ मध्यें प्रथम टेलिव्हिजन आलें. अ‍ॅन बेकर या अमेरिकन विदुषीनें त्याच वर्षीं शाळेंतील ६३ मुलींना ही सव्वीस वाक्यांची पत्रिका दिली, आणि तीन वर्षांनीं, १९९८ मध्यें, त्याच वयाच्या दुसऱ्या ६५ मुलींना. वीसांहून अधिक गुण मिळविणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १२.७ वरून २९.२ वर गेलें. वजन उतरावें म्हणून मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या खेपेस एकही नव्हती. दुसऱ्या खेपेस शेंकडा ११.३ निघाल्या. हे आंकडे २००२ सालीं प्रसिद्ध झाले.

तीन वर्षें! शतकानुशतकांचा ‘या, जेवायला’ तीन वर्षांत हटला. आणि तो तर खोलीच्या कोपऱ्यांतला एक पडदा होता. आज प्रत्येक मुलीच्या उशाशीं एक आहे. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीनें स्वतःच केलेल्या पाहणीचे कागद २०२१ मध्यें अमेरिकेंतील वॉल स्ट्रीट जर्नलनें बाहेर काढले. दर तीन किशोरवयीन मुलींपैकीं एकीची स्वतःच्या देहाविषयींची खंत आपण वाढवितों, असें त्यांत त्यांच्याच लोकांनीं लिहून ठेवलें होतें. तरीही सगळा दोष पडद्यावर टाकून मोकळें होतां येत नाहीं. फिजींतल्या पडद्याला कोणी मास्तर मदतीस नव्हता.

तें मला कसें कळलें तें सांगतों. तिसऱ्या भेटींत डॉक्टरीणबाईंनीं आम्हांला आंत बोलाविलें आणि विचारलें, “तुमच्या घरांत ‘पृथ्वी’ कोण म्हणतें?” खोलींत क्षणभर शांतता पसरली. मीं हात वर केला, वर्गांतल्या चुकार मुलासारखा. बाई रागावल्या नाहींत. एका थट्टेनें हा रोग होत नाहीं, त्या म्हणाल्या. रक्तांतला वारसा असतो, सर्व कांहीं बिनचूक करण्याचा स्वभाव असतो, वय असतें, भोंवतालचा समाज असतो. “आजोबांनीं अपराधी वाटून घेऊन कांहीं उपयोग नाहीं. तोंड मात्र आवरावें.”

तेव्हांपासून मीं आमच्या पंक्तीकडे कान लावून पाहिलें. शाळेंत प्रगतिपुस्तकावर आम्ही शेरे लिहीत असूं. आमच्या पंक्तींत ते तोंडी चालत होते, आणि रोज. ‘हा खातो तें जातें कोठें?’ ‘तिच्या बांध्याला हा रंग शोभत नाहीं.’ ‘भात कमी घे, पुढें लग्नाचें पाहावयाचें आहे.’ ‘ही कशी शेवग्याची शेंग, आणि ही कशी भोपळा.’ यांत दुष्टावा कोणाचाच नव्हता. पण चौदा वर्षांचें मूल ताटावर बसलें कीं, त्याच्या देहाचा लिलाव मांडावयाचा आणि त्याला तूप वाढावयाचें, हीं दोन्हीं कामें आम्ही एकाच हातानें करीत होतों. शाळेंतही मीं दुसरें काय केलें? वार्षिक आरोग्यतपासणीच्या दिवशीं वजनें मीं मोठ्यानें वाचून दाखवीत असें, आणि मुलांत खसखस पिकली कीं ती मला खेळीमेळी वाटे. त्या दिवसानंतर डबा न आणणारा एक मुलगा मला आज आठवतो. त्या वेळीं मीं त्याला डबा विसरल्याबद्दल रागें भरलों होतों. आणि गंमत पाहा, याच गांवांत आम्ही कृष्णेच्या कांठीं ढोल्या गणपतीला रोज हात जोडतों. देवाचें नांवच ढोल्या, आणि पोर थोडें भरलें कीं आमच्या पोटांत गोळा.

डोळ्यांनीं देह पाहून त्याचें आरोग्य सांगतां येतें, हा आपला मोठा भ्रम आहे. पुण्याचे डॉक्टर यशवंत… नव्हे, चित्तरंजन याज्ञिक (नांवें विसरण्याचें वय झालें) आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन या दोघांनीं आपलेंच छायाचित्र २००४ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत छापलें. उंची आणि वजन यांच्या प्रमाणाचा अंक दोघांचाही सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या देहांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या देहांत २१.२! सारख्या अंकाचे दोन देह आंतून इतके वेगळे, तर आमच्या वहिनींना दारांतून काय दिसणार? आणि ज्या देशांत २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९.१ मुलींच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी निघालें, तेथें मुलींना भात कमी घेण्याचा सल्ला देणारे आम्ही शहाणे! चरकाच्या सूत्रस्थानांत एकविसाव्या अध्यायांत लोकांनीं नांवें ठेवलेले आठ देह सांगितले आहेत: फार उंच, फार ठेंगणा, फार केंसाळ, केंस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ, फार रोड. ‘फार गोरा’ हाही त्यांत आहे, तें लग्नाच्या जाहिराती देणाऱ्यांनीं वाचावें. पण मला त्यांतली खरी खोंच ही वाटते कीं, आठांपैकीं सहांना नुसतीं नांवें ठेवून चरक पुढें जातो. विचार करतो तो दोघांचाच, आणि तो वैद्य म्हणून, उपाय सांगण्यासाठीं. आम्ही आठांचेंही फक्त नांवें ठेवण्याचें काम सांभाळलें.

मुलग्यांविषयीं थोडकेंच लिहितों, कारण माझा अनुभव थोडका. पुतण्याचा मुलगा सतरा वर्षांचा. दंड बारीक म्हणून व्यायामशाळेंत तीन तास घालवितो आणि डब्यांतली भुकटी दुधांत ढवळून पितो. हार्वर्डचे हॅरिसन पोप यांनीं याही वेडाचा अभ्यास केला आहे. अंग भरदार असूनही आपण काडीपहिलवान आहों असें या मुलांना वाटतें. पूर्वीं मीं त्याचें कौतुक केलें असतें. आतां तो आरशापुढें किती वेळ उभा राहतो इकडे त्याच्या आईचें लक्ष आहे.

घरीं आल्यावर जो क्रम चालला त्याची पद्धति लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयांत १९८० नंतर तयार झाली आहे. तिचें सार असें कीं, रोग आईबापांमुळें झाला हा विचार सोडावयाचा आणि जेवणाचा सगळा कारभार कांहीं काळ आईबापांनींच हातीं घ्यावयाचा. देहाला बळ आलें कीं तो टप्प्याटप्प्यानें मुलीच्या स्वाधीन करावयाचा. दिवसांतून सहा वेळां आईनें वाढावयाचें आणि संपेपर्यंत शेजारीं बसावयाचें. ‘औषध आहे’ असें म्हणून वाढावयाचें, भांडावयाचें नाहीं, लांच द्यावयाची नाहीं, रडावयाचेंही नाहीं. सूनबाईंनीं शाळेंतली नोकरी पांच महिने बिनपगारी रजा घेऊन बाजूला ठेवली. एका वाटीभर वरणभाताला कधीं दीड तास लागे. एकदां तिनें ताकाची वाटी भिंतीवर फेंकली. ती माझ्या कानाजवळून गेली, आणि कोणी एक अक्षर बोललें नाहीं. सूनबाई उठल्या, दुसरी वाटी भरून आणली. मीं आजवर पाहिलेलें तप म्हणाल तर तें.

बाकीच्यांना एवढेंच काम होतें कीं, पंक्तींत कोणाच्याही देहाविषयीं बोलावयाचें नाहीं; चांगलेंही नाहीं. हा नियम ऐकावयास सोपा आहे. पहिले आठ दिवस आमच्या पंक्तींत कोणाला बोलावयास विषयच सांपडेना! मग हळूहळू धरणाचें पाणी, शेजाऱ्यांचें मांजर, निवडणूक, असे विषय निघूं लागले. पाहुणे आले कीं दारांतच सांगावें लागे. एक नातलग बाई रागावून गेल्या, त्या अजून आल्या नाहींत. वजनकांटा माळ्यावर गेला. तपासणी पुण्यास, तीही कांट्याकडे पाठ करून. उपास सगळे बंद. देवाला चालेल का, असें तिनें मला विचारलें तेव्हां आमच्या गुरुजींना बोलावलें; ते म्हणाले, रोगी आणि मुलें यांना उपास शास्त्रानेंच माफ आहे, आणि जातांना तिच्या पुढ्यांतला लाडू त्यांनीं तिच्याबरोबर अर्धा खाल्ला.

या गोष्टीला आतां तेरा महिने झाले. तिचें वजन ४७ किलो आहे, मासिक धर्म पूर्ववत् झाला आहे, आणि डॉक्टरीणबाई अजून ‘बरी झाली’ हा शब्द उच्चारीत नाहींत. परीक्षा जवळ आली कीं पोळीचे तुकडे पुन्हां बारीक होतात. पुष्कळ मुली पुरत्या बऱ्या होतात, पण वर्षें लागतात. आणि कांहीं होत नाहींत, मनाच्या रोगांत जीव घेण्याच्या बाबतींत याचा क्रम फार वरचा आहे, हेंही बाईंनीं आमच्यापासून लपविलें नाहीं.

वृत्तांचा अभ्यास दीड वर्ष बंद होता. तो पुन्हां काढावा कीं काढूं नये याचा मला निर्णय होईना. गेल्या आठवड्यांत तीच वही घेऊन खोलींत आली आणि म्हणाली, “आजोबा, तुमची ती कोटी चुकली होती.”

मी गप्प राहिलों.

“पृथ्वीला सतरा अक्षरें. तन्वीला चोवीस. तुम्हींच शिकवलेंत. मग पृथ्वीहून तन्वी मोठी, नाहीं का?”

मीं वहींत पाहिलें. भ, त, न, स, भ, भ, न, य, चोवीस. तीस वर्षें वृत्तें शिकविलीं आणि ही गोष्ट कोटी करतांना माझ्या ध्यानांत आली नाहीं. चूक कबूल केली. तिनें वहीच्या समासांत तांबड्या शाईनें फुली मारली, आणि सूनबाईंनीं चारच्या खाण्यासाठीं हांक मारली म्हणून ती गेली.